प्लूम की पफ? धूर एकच, हिशोब दोन

डिसेंबरात यावलकडे शेतात भरीत पार्टी होती, पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजत होतो. दिवेलागणीला वारा होता तोवर धूर लांबलचक पट्टा धरून सरळ केळीच्या बागेकडे चालला होता, आणि वारा पडला तसा तोच धूर गोळ्यागोळ्यांनी भटकायला लागला, आधी विहिरीकडे, मग वळून आमच्याच डोळ्यात. चिमणीचा धूर कुठे किती पोचेल ते काढायचे दोन हिशोब, प्लूम (सलग पट्टा) मॉडेल आणि पफ (सुटे गोळे) मॉडेल, यातला फरक मला तिथेच पटला. दोन्हीला गॉसियन म्हणतात म्हणून लोकांचा घोळ होतो, पण त्याचा अर्थ एवढाच की धूर मधे दाट आणि कडेला पातळ धरायचा.

प्लूमवाला हिशोब म्हणतो, हा तासभर वारा एकाच दिशेने, एकाच वेगाने, चिमणीतून मालही सारखाच. मग एका सूत्रात उत्तर येतं. हवा किती घुसळतेय ते पास्क्विल या हवामानतज्ज्ञाच्या १९६१ च्या ए ते एफ वर्गांवरून घ्यायचं, ए म्हणजे भर ऊन, एफ म्हणजे निरभ्र शांत रात्र. गोची अशी की वाऱ्याचा वेग छेदात बसतो, वारा दुप्पट तर धूर निम्मा हे ठीक, पण वारा शून्य झाला की भागिले शून्य! शिवाय मागच्या तासाचा धूर कुठे गेला हे त्याला आठवतच नाही.

पफवाला धुराचे गोळे सोडतो, प्रत्येक गोळा त्या त्या वेळच्या वाऱ्याने सरकतो, फुगतो, आणि तुमच्या ओट्यावर सगळ्या गोळ्यांची बेरीज. त्यामुळे वळून आलेला धूरही त्याला सापडतो. पण त्याला ठिकठिकाणचा वारा लागतो, म्हणजे डेटाची बोंब.

हे हिशोब करणारी सॉफ्टवेअर आहेत: एअरमॉड हे प्लूमवालं, साधारण ५० किलोमीटरपर्यंत चालतं. कालपफ नावातच पफ. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी आणि जवळचं भुसावळ, मे महिन्यातली दुपार, तिथे प्लूम बास झालं. हिवाळ्यातली रात्र मात्र वेगळी, वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग, मधे तापीचं खोरं, गार हवा तळाला बसते आणि वारा नावाला, तिथे पफच बरा.

वर्षाचे ८७६० तास, त्यात शांत, म्हणजे वारा पडलेले, तास बऱ्याचदा प्लूमच्या हिशोबातून वगळतात. चिमणीच्या धुराचा कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी आधी तेच बघतो, किती तास गाळले आणि त्यातले रात्रीचे किती.