धुरी (खानदेशातील बालोपचार)

धुरी : निखाऱ्यावर ओवा, वेखंड, लसणाची साले अशी उग्र वासाची द्रव्ये टाकून निघणारा धूर लहान मुलाच्या अंथरुणाला, कपड्यांना आणि काही घरांत प्रत्यक्ष मुलाला देण्याची रीत. ती महाराष्ट्रात सर्वत्र आहे. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी-शेगडी तर सर्वपरिचित आहे. ही नोंद जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशापुरती, आणि त्यातही साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या सर्दी-पडशावरच्या धुरीपुरती आहे. ओव्याची गरम पुरचुंडी ही धुरीचीच बिनधुराची बहीण असल्याने तिचाही येथे विचार केला आहे.

उन्हाळ्यात भाजून काढणारे तापीचे खोरे हिवाळ्यात तितकेच बोचते. उत्तरेकडून वारा सुटला की पहाटेचा पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली जातो आणि दुपारी पुन्हा ऊन चटका देते. कापूस वेचणीचा हंगामही याच सुमारास असतो. सर्दी विषाणूंमुळे होते, गारठ्याने नव्हे. पण गारठ्यात दारे-खिडक्या लावून सगळे घर एका खोलीत निजते, तेव्हा ती एकाकडून दुसऱ्याला सहज लागते. या वयाच्या मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे वैद्यकीयदृष्ट्या सर्वसामान्य मानतात.

उगम : याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार धुरी हा आयुर्वेदातील धूपनविधीचा (औषधी द्रव्यांचा धूर देण्याच्या विधीचा) लोकांत उतरलेला अवशेष होय. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बालकाची वस्त्रे, अंथरुणे व पांघरुणे धुपवण्यासाठी जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादी द्रव्ये तुपात कालवून वापरावीत असे सांगितले आहे. काश्यपसंहितेत तर धूपकल्प नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून हा ग्रंथ १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने छापला. त्याचा काळ वादग्रस्त आहे : काही अभ्यासक मूळ ग्रंथ इसवी सनापूर्वीच्या शतकांत नेतात, तर उपलब्ध पाठ वात्स्य या नंतरच्या आचार्याने पुनःसंस्कारित केलेला, म्हणून बराच नंतरचा, असे इतरांचे म्हणणे आहे. धुरीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून या ग्रंथाकडे बोट दाखवताना हे लक्षात ठेवणे बरे.

दुसरे मत धुरीला दृष्ट काढण्याच्या विधीशी जोडते. मीठ, मोहरी व लाल मिरच्या मुलावरून उतरवून निखाऱ्यात टाकायच्या आणि मिरचीचा ठसका उठला नाही तर ‘दृष्ट लागली होती’ म्हणायचे, ही रीत मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या नंदुरबारच्या मुलखात अपरिचित असण्याचे कारणच नाही. निखारा तोच, खापर तेच, करणारी मोठी मायही तीच. त्यामुळे औषध कोठे संपते आणि उतारा कोठे सुरू होतो हे सांगणे अवघड जाते. मात्र धूपनद्रव्यांच्या शास्त्रीय यादीतही मोहरी व हिंग आहेतच आणि त्या काळी धूपनाचा एक हेतू बालग्रहांपासून (मुलांना पछाडतात असे मानलेल्या शक्तींपासून) रक्षण हाच होता. तेव्हा ही दोन मते परस्परविरोधी मानण्यापेक्षा एकाच प्रथेच्या दोन बाजू मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

खरा पेच ओव्याचा आहे. खानदेशी धुरीत तो मुख्य, पण चरकाच्या धूपनयादीत तो नाही. चरकाच्याच सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, थंडी निवारणाऱ्या दहा द्रव्यांचा शीतप्रशमन गण दिला आहे. त्यात तगर, अगुरू, धणे, आले, वेखंड, पिंपळी यांच्याबरोबर ‘भूतीक’ येते. भूतीक म्हणजे ओवा असे काही निघंटुकार (औषधी द्रव्यांच्या कोशांचे कर्ते) मानतात, तर काही त्याचा अर्थ कत्तृण, म्हणजे रोहिष गवत, असा करतात. हे रोहिष म्हणजे खानदेशात ज्याला रोशा किंवा तिखाडी म्हणतात ते गवत (सिम्बोपोगॉन मार्टिनी) असावे. सातपुड्याच्या उतारांवर ते मुबलक येते. १८८० च्या खानदेश गॅझेटियरच्या काळी पश्चिम खानदेशात त्याचे तेल गाळण्याचा धंदा चांगला चालत असे. मुंबईमार्गे तुर्कस्तानात गेलेले हे तेल तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरत. त्यातील मुख्य घटक जिरॅनिऑल. भूतीक रोहिष धरल्यास स्थानिक वनस्पतीशी सांगड सुरेख बसते खरी. पण खानदेशात रोशाचे तेल दुखऱ्या सांध्यांवर चोळतात, मुलाच्या निखाऱ्यावर पडतो तो ओवाच. ओव्याची वनस्पती पूर्व भूमध्य प्रदेशाकडून, बहुधा ईजिप्तकडून, भारतात आली असे मानले जाते. म्हणून कपडे धुपवण्याची जुनी चाल कायम राहिली आणि ओवा तीत मागाहून शिरला, हा क्रम जास्त संभवनीय वाटतो.

द्रव्ये व क्रिया : ओव्याच्या (ट्रॅकिस्पर्मम अम्मी) फळांत सुमारे २ ते ४ टक्के बाष्पनशील तेल असते आणि त्यात थायमॉल बहुधा ३५ ते ६० टक्के, उरलेल्यात पॅरासायमीन व गॅमा-टर्पिनीन हे प्रमुख. थायमॉल सुमारे ५० अंश सेल्सिअसला वितळतो व २३२ अंशांना उकळतो. गवरीचा फुललेला निखारा याहून कितीतरी तापलेला असतो. त्यावर पडलेला ओवा पहिले काही क्षण तडतडतो, तेव्हा त्याचा खरा वास येतो. नंतर दाणे जळतात आणि उरतो तो कोणत्याही जळत्या बीचा असतो तसा धूर. तव्यावर मंद भाजलेल्या ओव्यातून मात्र वास हळूहळू आणि बराच वेळ सुटत राहतो. औषधी अंश हवा असेल तर पुरचुंडी धुरीपेक्षा सरस का, याचे उत्तर एवढ्यातच आहे. नाक मोकळे झाल्यासारखे वाटणे हा बराचसा वासाचा परिणाम असतो. त्याने सर्दीचे दिवस कमी होत नाहीत.

वेखंडाच्या (ॲकोरस कॅलॅमस) भारतीय वाणात बीटा-ॲसरोन भरपूर असते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक आढळल्याने अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. ही बाब धुरीपेक्षा वेखंड उगाळून चाटवण्याच्या सवयीला अधिक लागू पडते. पुरचुंडीत हल्ली कापूर घालण्याची टूम आहे, ती टाळावी. लहान मुलाने कापराचा तुकडा तोंडात टाकला तर झटके येऊ शकतात, आणि पुरचुंडीची गाठ सोडायला दीड वर्षाच्या पोराला फार वेळ लागत नाही.

पद्धती : रूढ पद्धतीत चुलीतला गवरीचा एक निखारा फुटक्या माठाच्या खापरावर घेतात, वर चिमूटभर ओवा व लसणाची वाळकी साले टाकतात. बाजेवर गोधडी पसरून खापर खाली सरकवतात. गोधडी व झबले उबदार झाले की खापर बाहेर नेतात आणि मग मुलाला निजवतात. जाणत्या बाया हा क्रम मोडत नाहीत : आधी धूर, मग मूल. चरकाचा रोखही वस्त्रांवर आणि अंथरुणावरच आहे. मुलाला मांडीवर घेऊन, पदराचा आडोसा करून त्याच्या तोंडापाशी धूर धरण्याची चाल ही त्या विधीची विकृती म्हटली पाहिजे.

पुरचुंडीसाठी जुन्या धोतराचा मऊ सुती तुकडा घेतात. मूठभर ओवा तव्यावर वास सुटेपर्यंत परतून त्यात बांधतात, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहतात आणि मगच मुलाच्या छाती-पाठीवरून फिरवतात. मनगटाला सोसेल ते मुलाच्या कातडीला सोसेलच असे नाही, म्हणून ती एका जागी टेकवून ठेवत नाहीत. लसूण घालून कडवलेले तेल कोमट करून तळपायांना चोळणे व नागवेलीचे पान शेकून छातीवर ठेवणे हे सोबतीचे उपचार. तेलाचे थेंब नाकात सोडणे मात्र घातक. ते फुप्फुसात उतरून तेलजन्य न्यूमोनिया होऊ शकतो. अडुळशाच्या काढ्यात मध घालून देतात. आधुनिक औषधांतील ब्रोमहेक्झिन हे अडुळशातील व्हॅसिसीनवरूनच बेतलेले आहे. एक वर्ष पूर्ण होण्याआधी मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून अर्भकांना बोटुलिझम ही जीवाणूंमुळे होणारी गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो.

आधुनिक वैद्यकाची भूमिका : बालरोगतज्ज्ञ धुरीच्या विरोधात आहेत आणि त्यांचे म्हणणे सबळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार घरातील धुरामुळे मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. गवरीचा धूर त्याला अपवाद नाही. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे (सलाईन) थेंब नाकात घालणे, अंगावरचे दूध किंवा कोमट पेय थोडे थोडे पाजत राहणे आणि मुलाला उबदार ठेवणे ते सुचवतात. बाटलीतील औषध हा सुरक्षित पर्याय ठरतोच असे नाही : मध्य प्रदेशात खोकल्याच्या दूषित औषधाने मुले दगावल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना काढली.

धाप लागून श्वासागणिक पोट जोरात खालीवर होणे, ज्याला बोलीभाषेत ‘पोट उडणे’ म्हणतात, ते घरगुती उपचारांच्या कक्षेबाहेरचे लक्षण होय. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजतात : दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असल्यास न्यूमोनियाची शंका घेतात. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल किंवा निपचित पडले असेल तर तत्काळ दवाखाना गाठावा लागतो. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः पूर्वेकडे मेळघाटात, अशा मुलाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची अघोरी चाल आहे. तिचा धुरीशी संबंध नाही.

भुसावळ-जळगावसारख्या शहरांतून गॅसच्या शेगडीमुळे निखारा नाहीसा झाला आणि त्याबरोबर धुरीही मागे पडली. पुरचुंडीला तवा पुरत असल्याने ती टिकून आहे. खेड्यांत, चूल जेथे अजून पेटते तेथे, दोन्ही चालतात.