नेफ्रायटिसच्या औषधांचा खर्च आणि आयकरातील वजावट : कलम 80डीडीबी

मूत्रपिंडाच्या जुन्या दाहावर प्रेडनिसोलोन, मायकोफेनोलेट किंवा टॅक्रोलिमस वर्षानुवर्षे घेणारे रुग्ण आयकर कायद्याच्या कलम 80डीडीबीखाली, म्हणजे ठरावीक आजारांच्या उपचारखर्चासाठी असलेली, वजावट मागतात आणि ती नाकारली गेली की बिलांत काय चुकले ते शोधत बसतात. अडचण बहुधा आजाराच्या नावात असते. या वजावटीला पात्र आजार आयकर नियम 11डीडीत दिले आहेत आणि त्या यादीत मूत्रपिंडाचा एकच आजार आहे, ‘क्रॉनिक रीनल फेल्युअर’, म्हणजे मूत्रपिंड कायमचे निकामी होणे. चिठ्ठीवर नुसते ‘आयजीए नेफ्रोपॅथी’ किंवा ‘ल्युपस नेफ्रायटिस’ असे दाहाच्या प्रकाराचे नाव असेल, तर औषध कितीही महाग असले तरी दावा टिकणे कठीण. मूत्रपिंड खरोखरच निकामी होत चालले असेल, तर डॉक्टरांकडून ते स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. तसे नसेल, तर लिहून देण्याची गळ त्यांना घालू नये.

फेरतपासणीच्या कागदावर ‘सीटी ऑल, तीन महिने’ (सगळी औषधे तीन महिने चालू ठेवा) एवढाच शेरा असतो. दाव्याला तो पुरत नाही. रुग्णाचे नाव व वय, आजार, तज्ज्ञाचे नाव, पत्ता, पदवी आणि नोंदणी क्रमांक हे सारे चिठ्ठीवर हवे. खाजगी उपचारात ती नेफ्रॉलॉजीतील (मूत्रपिंडविकार) डीएम, युरॉलॉजीतील (मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया) एमसीएच किंवा समकक्ष पदवीधारकाची लागते, सरकारी रुग्णालयात मात्र पूर्णवेळ एमडी मेडिसिन तज्ज्ञाचीही चालते. सरकारी डॉक्टरांच्या दाखल्याची अट 2015 च्या दुरुस्तीने गेली, तरी काही कार्यालये आजही आजारी माणसाला त्यासाठी पिटाळतात, याला काय म्हणावे!

वजावट स्वतःसाठी किंवा अवलंबून असलेल्या जोडीदार, मुले, आईवडील व भावंडांसाठी मिळते. मर्यादा 40,000 रुपये, रुग्ण साठीपुढचा असल्यास 1,00,000. विम्याने किंवा मालकाने दिलेली रक्कम त्यातून वजा होते. ही रक्कम हातात येत नाही, करपात्र उत्पन्नातून कमी होते.

सवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे, आणि नवी प्रणाली आता आपोआप लागू होते. पगारदाराने जुनी प्रणाली निवडायची, तर विवरणपत्र मूळ मुदतीत, म्हणजे साधारणतः 31 जुलैपर्यंत, भरावे लागते. 31 डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते खरे, पण तोवर जुन्या प्रणालीचा पर्याय गेलेला असतो, आणि नेमके इथेच अनेकजण फसतात. मालकाने टीडीएस कापताना वजावट धरली नसली, तरी विवरणपत्रात ती मागता येते.

कागद सोबत जोडायचे नसतात, नोटीस आल्यावर दाखवायचे असतात. मेडिकलवाल्याची थर्मल कागदावरची बिले तोवर पांढरी पडतात. त्यांची झेरॉक्स लगेच काढून ठेवावी.