जर्मन व्यक्तिनामे

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचा जर्मनभाषक भाग येथील व्यक्तींची आडनावापूर्वी येणारी नावे. अशा नावास जर्मन भाषेत 'फोरनामं' म्हणजे 'आधी येणारे नाव' असे म्हणतात. एकाच व्यक्तीला दोन, तीन किंवा त्याहून अधिक नावे ठेवण्याची चाल जुनी असून त्यांपैकी व्यवहारात ज्या नावाने हाक मारतात ते 'रूफनामं' म्हणजे हाकेचे नाव होय. अर्ज आणि दाखले यांत ते अधोरेखित करण्याचा प्रघात होता. मराठी पद्धतीत मधले नाव वडिलांचे असते, तसे ही जादा नावे वडिलांची असतीलच असे नाही. ती आजोबांची, धर्मपित्याची (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्याची) किंवा एखाद्या संताचीही असू शकतात. जर्मन नावांचा आजचा साठा निरनिराळ्या काळांतील थर एकमेकांवर साचून तयार झालेला आहे. खालचा थर वरच्याने झाकला जातो, पण तो सहसा नष्ट होत नाही आणि काही पिढ्यांनी पुन्हा वर येतो.

सर्वांत जुना थर जर्मानिक (जर्मन, इंग्रजी इत्यादी भाषांच्या पूर्वजभाषा बोलणाऱ्या लोकांच्या) द्विपदी नावांचा. त्यांत दोन नामघटक जोडलेले असतात : 'फ्रीड्रिख' (शांती + सत्ताधीश), 'बेर्नहार्ड' (अस्वल + कणखर), 'गेरट्रूड' (भाला + बळ), 'कोन्राड' (धाडसी + सल्ला), 'माटिल्डं' (सामर्थ्य + युद्ध). ही पद्धत केवळ जर्मानिक लोकांची नव्हे. ग्रीक, स्लाव्ह, इराणी आणि भारतीय नावांतही ती आढळते व तिचे मूळ बहुधा भारोपीय काळापर्यंत जाते. 'लुडविग' या नावातील पहिला घटक 'प्रसिद्ध' या अर्थाचा असून तो संस्कृत 'श्रुत' या शब्दाशी सजातीय आहे. महाभारतातील 'श्रुतसेन' आणि फ्रँक राजांचे 'क्लोडविग' (लुडविगचे जुने रूप) ही नावे या दृष्टीने एकाच कुळातील ठरतात.

या द्विपदी नावांना जोडशब्द म्हणून अर्थ होता की नाही, हा वाद जुना आहे. १९व्या शतकातील अभ्यासकांचा कल प्रत्येक नावाचा समासाप्रमाणे विग्रह करून 'शांततेने राज्य करणारा' यासारखा अर्थ लावण्याकडे होता. या पद्धतीला मोठी अडचण येते ती स्त्रीनामांत. 'हिल्डेगुंड' या नावाचे दोन्ही घटक 'युद्ध' याच अर्थाचे आहेत, तर फ्रँक राणी फ्रेडेगुंड (मृत्यू ५९७) हिच्या नावात 'शांती' आणि 'युद्ध' शेजारी शेजारी आहेत. अशा नावांचा एकसंध अर्थ लावणे ओढूनताणून केल्याशिवाय जमत नाही. यामुळे नंतरच्या अभ्यासकांनी असे मत मांडले, की आरंभी काही नावे अर्थपूर्ण असली तरी फार लवकर नामघटकांचा एक ठरावीक संच बनला आणि आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या नावांतून एकेक घटक उचलून मुलाचे नाव जुळवले जाऊ लागले. म्हणजे नाव अर्थापेक्षा नाते सांगत असे. उपलब्ध पुरावा या दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. 'हिल्डेब्रांट्सलीड' या प्राचीन जर्मन वीरकाव्याच्या ९व्या शतकातील हस्तलिखितात आजोबा हेरिब्रांट, बाप हिल्डेब्रांट आणि मुलगा हाडुब्रांट अशी तीन पिढ्यांची नावे येतात. तिन्हींचा शेवटचा घटक एक आणि आरंभीचा वर्ण 'ह' हाच. रणभूमीवर समोरासमोर आलेल्या बापलेकांची ही कथा आहे. मुलगा आपले आणि बापाचे नाव सांगतो आणि तेवढ्यावरून बापाला नाते कळते.

राजघराण्यांत घटकांऐवजी अखंड नाव पुढे चालवण्याची रीत रुजली. फ्रँक राजा शार्लमेनने ७७८ मध्ये जन्मलेल्या आपल्या जुळ्या मुलांना लुडविग आणि लोथार ही नावे दिली. ती त्याच्या घराण्यातील नव्हती, तर ज्यांची गादी त्याच्या वडिलांनी घेतली त्या मेरोव्हिंजियन राजांची होती. सत्तेला वारशाची मान्यता मिळवण्याचा हा प्रयत्न असावा, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

सुमारे १२व्या शतकापासून संतांची व बायबलमधील नावे वाढत गेली आणि मध्ययुगाच्या अखेरीस त्यांनी जुन्या नावांना बरेच मागे सारले. योहानेस, निकोलाउस, मार्गारेटं, काटारीना ही त्यांतील प्रमुख. एलिझाबेट या नावाला थुरिंगियाच्या एलिझाबेटला १२३५ मध्ये संतपद मिळाल्याने बळ आले. परकी नावे बोलीत उतरताना पार बदलली : योहानेसचे हान्स आणि यान, निकोलाउसचे क्लाउस, गेओर्गचे यॉर्ग आणि युर्गन, मार्गारेटंचे ग्रेटं, एलिझाबेटचे एल्झं व इल्झं. जुन्या जर्मानिक नावांपैकी जी टिकली त्यांचीही अशीच रूपे झाली. हाइन्रिखचे हाइन्झ व हिन्झ, कोन्राडचे कुर्ट व कुन्झ, फ्रीड्रिखचे फ्रिट्स. यांपैकी हाइन्रिख व कोन्राड ही दोन नावे इतकी सर्रास होती, की 'हिन्झ आणि कुन्झ' हा वाक्प्रचार मराठीतील 'सोम्यागोम्या' या अर्थाने आजही रूढ आहे. थोड्याच नावांवर सारा भार पडल्यामुळे माणसे ओळखण्यासाठी आडनावांची गरज निर्माण झाली, असे सामान्यतः सांगितले जाते. शहरांची वाढ आणि लेखी व्यवहार ही कारणे तितकीच महत्त्वाची असावीत.

धर्मसुधारणेनंतर नावांवरून पंथ ओळखता येऊ लागला. प्रॉटेस्टंट घरांत जुन्या करारातील नावांना स्थान मिळाले, तर ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोमन प्रश्नोत्तरीने (धर्मशिक्षणाच्या अधिकृत पुस्तकाने) कॅथलिकांना संतांचीच नावे सुचवली. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या प्रभावाने इग्नात्स व क्साफर ही नावे आली. यांपैकी दुसऱ्या नावाचा गोव्याशी थेट संबंध आहे. १५४२ मध्ये गोव्यात आलेले व १६२२ मध्ये संतपदी गेलेले फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेत आहे. त्यांच्या नवारातील (आजच्या स्पेनमधील) जन्मगावाचे नाव बव्हेरियातील शेतकऱ्यांच्या मुलांचे पाळण्यातले नाव झाले. 'फ्रान्झ क्साफर' ही जोडी तेथे शतकानुशतके चालत आली. प्रॉटेस्टंटांच्या भक्तिपर चळवळीने १७व्या-१८व्या शतकांत वेगळीच नावे घडवली. 'गॉटलीब' (देवाला प्रिय) हे त्यांतील साधे नाव. 'ट्राउगॉट' (देवावर भरवसा ठेव), 'फ्युर्ख्टेगॉट' (देवाचे भय बाळग), 'लेबेरेख्ट' (नीतीने जग) ही तर आज्ञार्थी वाक्येच आहेत. कवी गेलर्ट (जन्म १७१५) याचे पूर्ण नाव क्रिस्टिआन फ्युर्ख्टेगॉट.

एका बाळाच्या नावात किती नाती गुंफली जात, हे मोझार्टच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. २८ जानेवारी १७५६ रोजी साल्झबुर्ग येथे त्याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा नोंदवहीत योआनेस क्रिसोस्टोमुस वोल्फगांगुस थिओफिलुस अशी नावे लिहिली गेली. पहिली दोन आदल्या दिवशीच्या, म्हणजे जन्मदिवसाच्या संताची, तिसरे आईच्या वडिलांचे आणि चौथे धर्मपित्याचे. चौथ्या ग्रीक नावाचा अर्थ तोच ठेवून वडिलांनी पत्रात 'गॉटलीब' असे जर्मन रूप लिहिले, तर स्वतः मोझार्टने 'आमाडे' हे रूप पसंत केले. 'आमाडेउस' हे आज सर्वतोमुखी असलेले लॅटिन रूप त्याने क्वचितच वापरले.

१९व्या शतकात फ्रेंच वळणाची शार्लोट, हेन्रिएटं ही नावे आणि राष्ट्रवादाच्या प्रभावाखाली सीगफ्रीड, हेडविग, गेरट्रूड ही जुनी नावे एकाच वेळी चालू होती. १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात जन्मनोंदणी चर्चकडून 'श्टांडेसाम्ट' या सरकारी कचेरीकडे गेली.

२०व्या शतकातील बदलांविषयी दोन मते आहेत. मिखाएल वोल्फसोन व टोमास ब्रेखेनमाखर हे इतिहासकार नावांच्या निवडीत राजकीय लोकमताचे प्रतिबिंब पाहतात. समाजशास्त्रज्ञ युर्गन गेर्हार्ड्स यांनी कॅथलिक गेरोलश्टाइन आणि प्रॉटेस्टंट ग्रिमा या दोन गावांच्या नोंदवह्या १८९०च्या दशकापासून शतकभर तपासल्या व धर्माचा सैल होणारा धागा, आप्तांची नावे ठेवण्याचा मागे पडणारा रिवाज आणि वाढते व्यक्तिस्वातंत्र्य यांवर भर दिला. १९४५ नंतर 'आडोल्फ' जवळजवळ नाहीसे झाले, अशा ठळक घटनांना पहिले मत लागू पडते. दीर्घकालीन प्रवाहांना दुसरे अधिक पटते. नावाचा सर्वांत क्रूर वापर मात्र नाझी शासनाने केला. १७ ऑगस्ट १९३८ च्या आदेशान्वये ज्यांची नावे सरकारने ठरवलेल्या यादीत नव्हती अशा ज्यू पुरुषांना 'इस्राएल' आणि स्त्रियांना 'सारा' हे जादा नाव १ जानेवारी १९३९ पासून सक्तीने लावावे लागले. पिढ्यान् पिढ्या फ्रीड्रिख आणि गेरट्रूड म्हणून वाढलेल्या माणसांना त्यांच्याच दाखल्यावर परके ठरवण्यात आले.

युद्धानंतर मिखाएल, टोमास, झाबिनं, मोनिका ही नावे आली. पूर्व जर्मनीत मँडी, पेगी, रॉनी, माइक अशा इंग्रजी वळणाच्या नावांची विशेष आवड दिसते. १९९१ च्या आसपास 'केविन' अग्रस्थानी पोहोचले, पण लवकरच ते हलक्या वर्गाची खूण मानले जाऊ लागले. २००९ मध्ये ओल्डेनबुर्ग विद्यापीठातील एका प्रबंधाने प्राथमिक शिक्षकांच्या मनातील या पूर्वग्रहाकडे लक्ष वेधले. त्याच सुमारास पणजी-पणजोबांच्या काळातील एमा, फ्रीडा, पाउल, एमिल, आंटोन ही नावे परतली. बेर्नहार्ड किंवा गेरट्रूड यांसारखी व्यंजनांनी जड नावे मात्र सहसा परतली नाहीत. निवड अर्थावर नव्हे, तर नादावर होते, याचे हे गमक म्हणता येईल. भाषाशास्त्रज्ञ डामारिस न्युब्लिंग यांनी मुलांची आणि मुलींची नावे ध्वनीने जवळ येत असल्याचे दाखवले आहे; लुका, नोआ, मिका ही मुलांची नावे 'आ'कारान्त आहेत. नावांची देशव्यापी सरकारी गणना होत नाही. वीसबाडेन येथील जर्मन भाषा संस्था १९७७ पासून नोंदणी कचेऱ्यांच्या आकडेवारीवरून दरवर्षी यादी काढते, त्यामुळे त्याआधीच्या क्रमवाऱ्या सावधपणे घ्याव्या लागतात.

नावावरून मुलगा की मुलगी हे कळलेच पाहिजे, असा नोंदणी कचेऱ्यांचा दंडक होता. तो मोडला एका भारतीय नावाने. आई जर्मन व वडील भारतीय वंशाचे असलेल्या एका दांपत्याला मुलीचे नाव 'किरण' ठेवायचे होते. हे नाव मुलाचेही असते, म्हणून लिंग स्पष्ट करणारे दुसरे नाव जोडावे, असा आग्रह कचेरीने धरला व खालच्या न्यायालयांनी तो उचलून धरला. ५ डिसेंबर २००८ रोजी संघराज्याच्या घटना न्यायालयाने असा दंडक कायद्यात कोठेही नसल्याचे सांगून हे निर्णय रद्द केले. ज्या नावामुळे मुलाला स्वतःच्या लिंगाशी एकरूप होणेच अशक्य होईल, असेच नाव यापुढे या कारणाने नाकारता येईल, असे न्यायालयाने ठरवले.