विक्री कोणामुळे झाली? बेळगाव भागातल्या वेबसाइटसाठी ॲफिलिएट योजनेची पार्श्वभूमी

बेळगावच्या रविवार पेठेत किंवा गडहिंग्लजच्या मिरची बाजारात अडतीवरून वाद होतात, पण ते दरावरून. सौदा कोणी जुळवला याबद्दल शंका नसते. माल अडत्याच्या दुकानात उतरतो, बोली तिथंच लागते, हमाली-तोलाई-अडत वजा करून पट्टीही तिथंच लिहिली जाते. वेबसाइटवर नेमकं उलटं आहे. कमिशनचा दर दहा मिनिटांत ठरतो. विक्री कोणामुळे झाली यावरचं भांडण मात्र तीस वर्षं चाललं आहे. ॲफिलिएट योजनेतला (म्हणजे लिंक देऊन गिऱ्हाईक आणणाऱ्याला विक्रीवर कमिशन द्यायच्या योजनेतला) जवळजवळ प्रत्येक नियम या भांडणातूनच आला. कुंदा, काजू, संकेश्वरी मिरची, अथणी-निपाणीकडची कोल्हापुरी चप्पल किंवा शहापूर-वडगावच्या साड्या स्वतःच्या वेबसाइटवर विकणाऱ्याने अशी योजना सुरू करायची ठरवली, तर कुठला नियम कशामुळे आला हे आधी माहीत असलेलं बरं. दुसऱ्याच्या अटी तशाच उचलून आणल्या की ज्या अटीची गरज असते नेमकी तीच राहून जाते.

योजनेचं मूळ रूप साधं. तुमच्या वस्तूची लिंक कोणीतरी आपल्या यूट्यूब चॅनेलवर, इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर देतो. त्या लिंकवरून विक्री झाली तर त्याला कमिशन, नाही झाली तर काही नाही. हा लिंक देणारा म्हणजे ॲफिलिएट. एजन्सीचा जुना धंदा वेगळा होता. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, तेव्हा भांडवल त्यांचं होतं आणि माल अंगावर राहिला असता तर तोटाही त्यांचाच. ॲफिलिएट माल हाताळत नाही, पैसे घेत नाही, उधारीही देत नाही. त्यामुळे तो गिऱ्हाईक घेऊन आला होता याला साक्षीदार नसतो.

हा साक्षीदार १९९४ मध्ये तयार झाला. नेटस्केप कंपनीतले लू माँटुली यांनी त्या वर्षी जूनमध्ये ‘कुकी’ची कल्पना मांडली: वेबसाइटने गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. गरज होती ती ऑनलाइन खरेदीची टोपली लक्षात ठेवण्याची, कमिशनची नव्हे. पण गिऱ्हाईक कुणाच्या लिंकवरून आलं हे लिहून ठेवायलाही तीच नोंद पुरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीडीनाऊ या संगीत विकणाऱ्या साइटने ‘बायवेब’ योजना काढली. गेफेन रेकॉर्ड्स या संगीत कंपनीला आपल्या कलाकारांच्या सीडी स्वतः दुकान न थाटता आपल्या साइटवरून विकायच्या होत्या, त्यातून ती जुळली. फुलं आणि भेटवस्तू विकणारे विल्यम टोबिन १९८९ पासून प्रॉडिजी या इंटरनेटपूर्व सेवेवर धंदा करत होते. त्यांनी १९९६ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. जुलै १९९६ मध्ये ॲमेझॉनने असोसिएट्स योजना सुरू केली आणि छोट्या वेबसाइटवाल्यांपर्यंत हा प्रकार पोहोचला. लिंकशेअर, कमिशन जंक्शन अशा मध्यस्थ कंपन्याही त्याच दशकातल्या. व्यापारी आणि ॲफिलिएट यांचा एकमेकांच्या हिशेबावर विश्वास बसेना, म्हणून तिसऱ्याने वही ठेवायची, हे त्यांचं काम.

कुकी किती दिवस जपायची, हा पहिला वाद. ॲमेझॉनने २४ तास ठरवले. बऱ्याच छोट्या योजना ३० दिवस देतात. इथं मालाचा स्वभाव बघावा. कुंदा किंवा करदंट अशी मिठाई घेणारा त्याच दिवशी ठरवतो, त्याला ७ दिवस पुष्कळ झाले. साडी किंवा दागिना घेणारा घरात विचारतो, पगाराची वाट बघतो. तिथं ३० दिवसांहून कमी मुदत दिली तर चांगले ॲफिलिएट टिकत नाहीत.

दुसरा वाद शेवटच्या लिंकचा. दोन जणांच्या लिंकवरून गिऱ्हाईक आलं तर कमिशन शेवटच्याला, ही पद्धत सोपी म्हणून रूढ झाली आणि त्यातूनच चोरवाटा निघाल्या. गिऱ्हाईक पैसे भरायच्या पानावर पोहोचतं, तिथं ‘कूपन कोड’चा रिकामा चौकोन दिसतो, ते गूगलवर दुकानाचं नाव आणि ‘कूपन’ टाकून शोधतं, कूपनच्या एखाद्या साइटवर टिचकी मारतं आणि कमिशन त्या साइटला जातं. ज्याने आठवडाभर आधी व्हिडिओ करून माल दाखवला त्याला शून्य. डिसेंबर २०२४ मध्ये हनी या ब्राउझर एक्स्टेन्शनवर (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर) असेच आरोप झाले, की शेवटच्या क्षणी दुसऱ्याची नोंद पुसून ते आपली नोंद ठेवतं. मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी नियम बदलला: गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष फायदा होत नसेल तर ॲफिलिएट लिंक घुसवायची नाही. आपल्या योजनेत सुरुवातीला कूपन साइट घेऊच नयेत आणि तो रिकामा चौकोन एका ओळीमागे लपवावा, हा यावरचा स्वस्त उपाय.

त्याहून जुनी लबाडी म्हणजे गिऱ्हाइकाने लिंक न दाबताच त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी सोडणं. अशा प्रकरणात ईबेने २००८ मध्ये आपल्याच मोठ्या ॲफिलिएटांवर दावा लावला, २०१० मध्ये फौजदारी आरोप झाले आणि २०१४ मध्ये तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. छोट्या साइटला हे ओळखायला एकच खूण पुरते: टिचक्या हजारोंनी, विक्री नगण्य, आणि जी विक्री आहे ती आधीपासूनच्या गिऱ्हाइकांची. असं खातं दिसलं की पैसे रोखून ठेवावेत. अटींमध्ये आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी केल्यास कमिशन नाही, आणि आपल्या दुकानाच्या नावावर गूगलच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत. दुसरी अट नसेल तर नाव शोधून थेट आपल्याकडेच येणाऱ्या गिऱ्हाइकावरही कमिशन भरावं लागतं.

आपल्याकडची भर म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. ऑर्डर पडली की कमिशन नक्की, असं धरलं तर खोट्या ऑर्डरी येतात, पार्सल हिंडून परत येतं, जाण्या-येण्याचं कुरिअर आपल्या डोक्यावर. म्हणून कमिशनची नोंद ऑर्डरच्या दिवशी करावी, पण ती ‘प्रलंबित’ म्हणून. माल पोहोचून परतीची मुदत संपल्यावरच पक्की करावी. परतीचे ७ दिवस असतील तर ऑर्डरपासून ३० दिवस ही मुदत सोयीची पडते. ही अट पहिल्या दिवशीच ठळक सांगितली तर कुरकुर होत नाही. नंतर घातली तर पैसे बुडवल्याची बोंब होते, आणि बेळगावसारख्या गावात ती वाऱ्यासारखी पसरते.

कुकीचं पुढं काय झालं, तेही हिशेबात धरावं लागतं. २०१७ पासून ॲपलच्या सफारीने माग काढणाऱ्या कुकींवर बंधनं आणली, २०१९ मध्ये जावास्क्रिप्टने, म्हणजे पानातल्या कोडने, ठेवलेल्या कुकीचं आयुष्य ७ दिवसांवर आणलं आणि मार्च २०२० पासून परक्या साइटच्या कुकी पूर्ण बंद केल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून त्या काढायचं जाहीर केलं आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. निष्कर्ष एवढाच, की नोंद आपल्याच डोमेनवर आणि शक्यतो आपल्या सर्व्हरकडून ठेवावी, आणि ऑर्डर पडली की ॲफिलिएटचा क्रमांक ऑर्डरच्या नोंदीतच लिहून घ्यावा. यात एक खोच आहे. वर्डप्रेस-वूकॉमर्सवर (वेबसाइट आणि त्यावरचं दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर) पान कॅशमधून (cache, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतीतून) दिलं जात असेल तर सर्व्हरवरचा कोड चालतच नाही आणि कुकी बसत नाही. ॲफिलिएट क्रमांक असलेली लिंक कॅशमधून वगळावी लागते. www असलेल्या पत्त्यावरून नसलेल्या पत्त्यावर पाठवताना लिंकची शेपटी, म्हणजे ॲफिलिएट क्रमांक, गळून पडते का, तेही तपासावं.

तरीही सीमाभागातली बरीच विक्री कुकीच्या हाती लागत नाही. इन्स्टाग्राममध्ये दाबलेली लिंक त्याच ॲपमधल्या ब्राउझरमध्ये उघडते; रात्री तेच गिऱ्हाईक क्रोममधून आलं तर ते नवीनच दिसतं. शिवाय साइट बघून ‘काका, दोन किलो पाठवा’ असा व्हॉट्सॲप करणारे इथं कमी नाहीत. म्हणून प्रत्येक ॲफिलिएटला लिंकबरोबर स्वतःचा कूपन कोड द्यावा, छोटा आणि उच्चारता येईल असा. लिंक एकाची आणि कोड दुसऱ्याचा आला तर कोडवाल्याला कमिशन, हे आधीच लिहून ठेवावं. गिऱ्हाइकाने तो नाव घेऊन सांगितला, याहून चांगला पुरावा नाही.

राज्याची सीमा आणि ॲफिलिएट यांचं भांडणही जुनं आहे. २००८ मध्ये न्यूयॉर्कने ठरवलं, की राज्यात ॲफिलिएट असतील तर बाहेरच्या विक्रेत्याची तिथं हजेरी आहे, त्याने विक्रीकर गोळा करावा. पुढं नॉर्थ कॅरोलिना, कॅलिफोर्निया अशा राज्यांनी तेच केल्यावर ॲमेझॉनने तिथल्या ॲफिलिएटांची खाती बंद केली. आपल्याकडे १ जुलै २०१७ पासूनच्या जीएसटीत मुद्दा माल कुठं पोहोचतो याचा आहे, ॲफिलिएट कुठला याचा नाही. पण त्याचा परिणाम इथं लगेच जाणवतो. बेळगावात माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. तोच करपात्र माल सीमा ओलांडून महाराष्ट्रात कागलला किंवा शिनोळीला गेला तर तो आंतरराज्य पुरवठा होतो आणि साधारणपणे उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या) दुकानदाराला तर मालाची आंतरराज्य विक्रीच करता येत नाही. मराठी ॲफिलिएट घेतले की ऑर्डरी पुणे, कोल्हापूर, मुंबईहून येणार हे उघड आहे, तेव्हा योजनेआधी सीएकडे जाऊन हे मिटवावं. ॲफिलिएटची बाजू सोपी आहे: तो सेवा देतो आणि सेवेला राज्याबाहेरही २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे.

कमिशनवरच्या टीडीएसचं (पैसे देतानाच कापून भरायच्या आयकराचं) जुनं कलम १९४एच. त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला आणि वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून २० हजार रुपये झाली. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, जुन्या फॉर्ममधले उचलू नयेत. पॅन नसेल तर २० टक्के कापावे लागतात, म्हणून खातं उघडतानाच पॅन घ्यावा.

दर ठरवताना बहुतेकजण शेजारच्या योजनेचा आकडा घेतात, आणि तिथंच फसतात. समजा काजूची किंमत ५ टक्के जीएसटीसह १,०५० रुपये आहे. कमिशन मोजायचं ते कराआधीच्या १,००० वर, कुरिअर धरून नव्हे. खरेदी ७८० असेल तर हातात २२० राहतात. पॅकिंग-कुरिअरचे ८०, पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या सेवेचे) साधारण २५ आणि परतीच्या पार्सलांसाठी २५ बाजूला काढले की उरले ९०. यात ८ टक्के कमिशन दिलं तर १० रुपये सुटतात, ५ टक्के दिलं तर ४०. त्यात कूपनवर ५ टक्के सूटही द्यायची असेल तर ५ टक्केही परवडत नाहीत. साडीत किंवा चपलेत वाव जास्त असतो, म्हणून सगळ्या मालाला एकच दर लावू नये.

जाहिरातीचे नियम उशिरा आले. जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली २०२१ ची, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ ची. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट केलं, की पैशाचा संबंध असेल तर तो ठळक सांगायचा आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगायचा. म्हणजे मराठी व्हिडिओत मराठीत, कन्नड व्हिडिओत कन्नडमध्ये. अटीही दोन्ही भाषांत छापाव्यात. दिशाभूल झाली तर दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा झाली तर ५० लाखांपर्यंत. खाद्यपदार्थांना तर खास जपावं: ‘हा गूळ मधुमेहाला चालतो’ असं उत्साही ॲफिलिएट सहज बोलून जातो आणि नोटीस विक्रेत्यालाही येते. काय बोलायचं नाही याची यादी फोटो-मजकुरासोबतच द्यावी. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. बाहेरचा माल त्या नावाने दाखवायला लावू नये.

ॲफिलिएटने आणखी ॲफिलिएट आणले तर त्यांच्या कमाईतला वाटा, ही कल्पना कोणीतरी हमखास सुचवतो. साखळी योजनांमध्ये पैसे घालवलेली माणसं या भागात गावोगाव भेटतील. माणसं जोडण्यावर पैसे देणं १९७८ च्या मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतं. एकच पातळी ठेवावी, आणि नाव नोंदवायला एक रुपयाही घेऊ नये.

सुरुवातीला ओळखीचे दहाजण पुरेत. त्यांना लिंक देण्याआधी चाचणी करावी: अँड्रॉइडच्या क्रोममध्ये, आयफोनच्या सफारीत आणि इन्स्टाग्रामच्या आत तीच लिंक उघडून प्रत्येकी एक खरी ऑर्डर टाकायची, एक यूपीआयने, एक कॅश ऑन डिलिव्हरीने, एक नुसत्या कूपन कोडवर. मग एक ऑर्डर रद्द करायची, एकीतली अर्धीच वस्तू परत करायची. रद्द झालेल्या ऑर्डरचं कमिशन आपोआप उतरतं, पण अर्ध्या परतीचं बऱ्याचदा तसंच राहतं आणि महिन्याच्या हिशेबात हातानं वळतं करावं लागतं.