पाणी सरकतं की कण? इलेक्ट्रोऑस्मोसिस आणि इलेक्ट्रोफोरेसिस

ओल्या चिकणमातीतून डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज सोडली की पाणी ऋण टोकाकडे जातं आणि कण धन टोकाकडे. शास्त्रज्ञ रॉइस यांनी मॉस्कोत दोन्ही गोष्टी पाहिल्या आणि १८०९ साली प्रसिद्ध केल्या. जोडीनेच दिसतात, म्हणून नावांची गल्लत होते.

मूळ एकच आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि त्यांना लगटून पाण्यात धन आयन (धन भार असलेले अणू) जमतात. कण पाण्यात मोकळे असतील तर ते स्वतःच धन टोकाकडे निघतात, हे इलेक्ट्रोफोरेसिस. कण एकमेकांत रुतून बसले असतील तर निघतात ते आयन, आणि छिद्रांतलं पाणी ऋण टोकाकडे ओढत नेतात. हे इलेक्ट्रोऑस्मोसिस. म्हणजे पातळ राबडीत पहिलं, दाबून घट्ट झालेल्या थरात दुसरं.

गाळातलं पाणी काढायचं असेल तर खरा फायदा दुसऱ्यात आहे. छिद्राचा व्यास दहापट घटला तर दाबाने वाहणाऱ्या पाण्याचा वेग शंभरपट घटतो. विजेने ओढलेल्या पाण्याचा वेग मात्र छिद्राच्या आकाराने फारसा बदलत नाही. गाळ दाबून पाणी काढणारी प्रेस जिथे हात टेकते तिथे वीज कामाला येते.

छोटी चाचणी घ्यायची तर भोकं पाडलेली स्टेनलेस स्टीलची पट्टी तळाला ठेवून ऋण टोकाला जोडा. तिच्यावर फिल्टरचं कापड, मग ४ सेंमी गाळ, वर धन पट्टी आणि वजन. २० व्होल्ट दिले की सेंटीमीटरला ५ व्होल्ट पडतात. कापड ऋण बाजूलाच हवं: पाणी तिकडे येतं आणि सुटे कण कापडापासून दूर ओढले जातात, म्हणून ते चोंदत नाही. उलटी जोडणी केली की सगळंच उलटं होतं.

बिघाड जवळजवळ नेहमी धन बाजूला होतो. तिथला थर आधी सुकतो, तडकतो, पट्टीपासून सुटतो. मग बहुतेक व्होल्टेज त्या कोरड्या पापुद्र्यातच खर्च होतं आणि उष्णता होते. शिवाय तिथे आम्ल तयार होतं. ते आत पसरलं की कणांवरचा ऋण भार घटतो आणि प्रवाह मंदावतो. लोखंडी पट्टी विरघळते, म्हणून ऑक्साइडचा लेप दिलेलं टायटॅनियम वापरतात. खारट गाळात करंट भरपूर वाहतो, पाणी थोडंच निघतं, आणि धन टोकाला क्लोरीन सुटू शकतो. ऋण टोकाला हायड्रोजन निघतो, तेव्हा जागा हवेशीर हवी.

पाणी काढायला गाळाला कंपनही देतात, पण ती वेगळी गोष्ट. ते कण हलवून जवळ बसवतं, भेगा मिटवतं, पट्टीवरचे बुडबुडे झटकतं. वाळूसारख्या मालाला नुसतं कंपनही पुरतं. तुमच्या मालाला काय लागेल ते तळहातावर कळतं: ओला गोळा घेऊन हाताला आडवे हिसके द्या. वर पाण्याची चकाकी आली आणि गोळा दाबताच ती विरली, तर कंपनाने पाणी सुटेल. काहीच चकाकलं नाही तर ती चिकणमाती. तिला वीजच हवी.