पाळलेलं पाणी

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका ओळखीच्या ऑफिसात गेल्या दिवाळीत माशांची टाकी आली. आठ सोनेरी मासे, एक काळा. वास्तूवाल्यानं सांगितलेला हिशोब. तीन आठवड्यांत पाच मासे उताणे तरंगले, तरी मालक खट्टू झाले नाहीत. "आपल्यावरचं माशांनी घेतलं," म्हणाले आणि पाच नवे आणले. तेही गेले. महिन्याभरात एका ऑफिसावर दहा संकटं येत असतील तर मासे कशाला, विमा उतरवा, असं मी म्हणालो. ते त्यांना फारसं रुचलं नाही.

तेव्हा माझ्या टेबलाशेजारीही एक टाकी होती, आणि तिच्यात एकही मासा नव्हता. मी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये वाळू आणि लोखंड तपासतो. टाकी दोन फुटी, साठेक लिटरची, खाऱ्या पाण्याची. आमचे ऑफिसातले मामा रोज चहा ठेवताना वाकून बघायचे. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"साहेब, मासं कुठं हायत?"

"येतील महिन्यानं."

"म्हंजे तवर नुसतं पाणीच पाळलंय व्हय?"

मामांनी चेष्टा केली, पण शब्द नेमका वापरला.

आधी पाण्याचं सांगतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं बहुतेक आपलं साधं मीठ असलं तरी उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम येतात आणि त्यांच्याशिवाय भागत नाही. म्हणून किराणा दुकानातलं मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठी तयार 'मरीन सॉल्ट' मिळतं, ते आरओच्या पाण्यात ढवळायचं आणि सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास आणायची. पुढे पातळी उतरली की वरून फक्त आरओचं बिनमिठाचं पाणी घालायचं. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं.

आता मासे का मरतात ते. मासा खातो, प्रथिनं पचवतो आणि उरलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात, मुख्यतः कल्ल्यांमधून, बाहेर टाकतो. समुद्रात तो कुठल्या कुठे विरतो. साठ लिटरमध्ये जायला जागा नाही. मासा स्वतःच्याच मुतारीत कोंडला जातो.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक NH₃, दुसरं एक हायड्रोजन आयन चिकटलेलं अमोनियम, NH₄⁺. विद्युतभार असलेलं अमोनियम कल्ल्याच्या पडद्यातून सहजी आत शिरत नाही. भार नसलेला अमोनिया मात्र बिनदिक्कत घुसतो आणि तोच विषारी. दोघांचं प्रमाण ठरवतो पाण्याचा सामू, म्हणजे पीएच. २५ अंश तापमानाला ९.२५ पीएचवर दोन्ही निम्मे-निम्मे असतात. तिथून पीएच एकेक अंकानं खाली आणला की अमोनिया आणि अमोनियमचं गुणोत्तर दर पायरीला दहापट घटतं. गणित केलं तर ७ पीएचच्या गोड्या पाण्यात घातक रूप जेमतेम अर्धा टक्का निघतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. तिथे तेच सात-आठ टक्के! म्हणजे घाण तेवढीच, पण विष बारा-पंधरापट. तापमान चढलं की हा वाटा आणखी वाढतो, आणि कोल्हापूरचा एप्रिल आपल्याला माहीत आहे. शिवाय त्याच २५ अंशांना गोड्या पाण्यात प्राणवायू लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, खाऱ्यात पावणेसातच्या आसपास.

(लॉगॅरिथम पाहून ज्यांनी शाळेत हात टेकले होते त्यांनी इथून पुढे यावं.)

यावर उतारा म्हणजे जीवाणू. एक गट अमोनियापासून नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटपासून नायट्रेट, जे बरंच सौम्य असतं. २०१५ साली तर ही दोन्ही कामं एकट्यानं उरकणारे जीवाणूही सापडले. यांचं वेगळेपण असं, की यांना शिजलेलं अन्न नको. अमोनियाचं ज्वलन हीच त्यांची चूल, आणि शरीर घडवायला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये ते वेगळे काढले. त्याआधी जिलेटिनवर ते वाढवायचा प्रयत्न फसत होता, कारण जिलेटिन हे सेंद्रिय अन्न, त्यावर भलतेच जीवाणू माजायचे. या पठ्ठ्यानं सिलिकाची जेली केली, म्हणजे खायला काहीच नाही अशी थाळी! आमच्याकडे कोअर, म्हणजे ओतकामात पोकळी राखायला साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे, घट्ट करायला सोडियम सिलिकेट वापरतात, ते या जेलीच्याच गणगोतातलं. कोअर शॉपमधून जाताना मला हटकून विनोग्राडस्की आठवतो.

पण या चुलीत धग फार कमी. आतड्यात राहणारा इ. कोलाय हा जीवाणू भरपूर अन्न आणि ऊब मिळाली की वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, बऱ्याचदा अख्खा दिवस लागतो. म्हणून टाकी रिकामी ठेवायची आणि माशांऐवजी आपण अमोनिया द्यायचा. मी दिला तो अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर. अर्थात लॅबमधला शुद्ध. साठ लिटरमध्ये लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया आणायला सुमारे ०.४ ग्रॅम पुरतो, चिमूटभर. रोज सकाळी टेस्ट ट्यूबमध्ये पाच मिली पाणी, त्यात चाचणीच्या द्रावणाचे थेंब. अमोनिया असला की हिरवं, नसला की पिवळं. पहिले दहा दिवस रंग गर्द हिरवा, काही हलेना. अकराव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत फिकट जांभळी झाक आली. विसाव्याला हिरवा उतरून पिवळा झाला. पस्तिसाव्या दिवशी आदल्या सकाळी टाकलेली चिमूट चोवीस तासांत पूर्ण फस्त, दोन्ही शून्य. त्या दिवशी मामांना पेढा दिला. "मासं आलं?" "नाही, पण घर बांधून झालं."

हे जीवाणू पाण्यात तरंगत बसत नाहीत. दगड, वाळू आणि फिल्टरचा स्पंज यांवर चिकटून राहतात. शाहूपुरीच्या टाकीचा उलगडा इथे होतो. तिथे दर शनिवारी एक माणूस येऊन स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली पिळून धुवायचा, वाळू उपसून टाकी 'एकदम चकाचक' करायचा. त्यात जीवाणूच धुऊन जायचे, म्हणून पाणी गोडं असूनही मासे टिकले नाहीत. खारं असतं तर महिनाही लागला नसता. मी स्पंज धुतो तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात.

दगड मी सच्छिद्र सिरॅमिकचे घेतले. मालवणहून प्रवाळाचा तुकडा 'आठवण' म्हणून उचलून आणणारे भेटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ येतं, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मासेही बंदिस्त पैदाशीतलेच विचारून घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशची पैदास कधीच साधली आहे.

आता टाकीत दोन क्लाउनफिश आहेत. मामांना ते कमी वाटतात. "नऊ पायजेत की," असं त्यांनाही कुणीतरी सांगितलंय. पण जीवाणूंची फौज मिळणाऱ्या शिध्याएवढीच उरते. माझी सध्या दोन माशांच्या शिध्यावर आहे. सात एकदम सोडले तर पुन्हा नळी हिरवी. तिसरा येईल, तोही एकटा, आणि त्यानंतर आठवडाभर नळी पिवळीच राहिली तर चौथ्याचा विचार.