इंजिन बांधलेली पद्मिनी आणि इंजिन बदललेली पद्मिनी

जुनी प्रीमियर पद्मिनी विकायला निघाली की जाहिरातीत एक ओळ हमखास असते: ‘इंजिन नवीन केलंय.’ याचा अर्थ दोनपैकी काहीही असू शकतो. एक तर गाडीचं स्वतःचं 1089 सीसीचं इंजिन उतरवून, खोलून पुन्हा बांधलेलं असतं. नाहीतर ते कधीच भंगारात गेलेलं असतं आणि बॉनेटखाली मारुतीचं इंजिन बसलेलं असतं. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच चकचकीत दिसतात. चालवताना, दुरुस्तीला नेताना आणि आरटीओत मात्र त्या दोन वेगळ्या गाड्या असतात.

बांधणीचं काम गॅरेजवाल्यांना पाठ आहे. गाडी निळा धूर मारू लागली, ऑइल खाऊ लागली, घाटात दम सोडू लागली की इंजिन खाली येतं. सिलिंडरची झीज मोजून बोअर करतात, म्हणजे आतून कातून थोडा मोठा करतात, आणि ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा टाकतात. बोअर वाढवायला जागाच उरली नसेल तर स्लीव्ह, म्हणजे आत नवीन नळकांडं बसवायचं. क्रँक ग्राइंडिंगला जातो, हेड फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे एकदा पाणी संपून गाडी तापली की ते वाकतं आणि गॅस्केट पुन्हापुन्हा उडतं. फेसिंग टाळून नुसतं गॅस्केट बदलणारा मिस्त्री पैसे वाचवत नाही, पुढच्या महिन्याचं काम तयार करून ठेवतो. एवढं झालं की सुरुवातीला गाडी दामटायची नाही. हाती येते ती जुनीच पद्मिनी: चाळीसेक हॉर्सपॉवर, स्टिअरिंगला गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्लॉक तोच, म्हणून इंजिन नंबर तोच, आणि आरसी बुकात काहीही बदलत नाही.

यात एक पोटप्रकार फसवा आहे. ब्लॉकलाच तडा गेला तर कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून दुसऱ्या पद्मिनीचा ब्लॉक आणतात. (गाडी बनायचीही कुर्ल्यातच.) इंजिन त्याच जातीचं असलं तरी नंबर वेगळा आला, म्हणजे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवीच.

आता स्वॅप, म्हणजे दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं. सगळ्यांच्या डोक्यात आधी मारुती एस्टीमचं इंजिन येतं, कारण ते स्वस्तात मिळायचं. पण एस्टीममध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. पद्मिनी मागच्या चाकांवर चालते. म्हणून जाणकार मारुतीच्याच जिप्सीकडे बघतो. तिथेही 1298 सीसीच, पण इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, पाच गिअरचा बॉक्स त्याच्या मागे आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) सुटा. तो बाजूला ठेवला की गिअरबॉक्समधून थेट प्रोपेलर शाफ्ट (मागची चाकं फिरवणारा दांडा) मागे नेता येतो. ईकोचं 1196 सीसीचं इंजिनही याच कारणाने सोयीचं.

इंजिन बसलं म्हणजे काम झालं असं वाटतं, खरं तर तिथून ते सुरू होतं. माउंटिंग नवीन वेल्ड करायचे. शाफ्टची लांबी बदलून तो बॅलन्स करून घ्यायचा, नाहीतर वेग घेताच अख्खी गाडी थरथरते. कार्बोरेटरला इंजिनवरच्या यांत्रिक पंपाचा मामुली दाब पुरतो, नव्या इंजिनातल्या इंजेक्टरना (पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या भागांना) साधारण तीन बार लागतो. म्हणजे इलेक्ट्रिक पंप, नवीन पाइप, टाकीत फेरफार. ईसीयूसाठी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसाठी, वेगळं वायरिंग हार्नेस. इमोबिलायझरवालं (ओळखीच्या चावीशिवाय सुरू न होणारं) इंजिन असेल तर त्याची मूळ चावीही सोबत यायला हवी. आणि ब्रेक! इंजेक्शनवालं जिप्सी इंजिन ऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर देतं, म्हणजे मूळच्या दुप्पट. बहुतेक मालकांचं बजेट इथवर येईतो संपतं आणि जुने ड्रम तसेच राहतात. अशा गाडीत मी तरी बसणार नाही.

‘कंपन्यांनीही हेच केलं की’ असं स्वॅपवाले म्हणतात, आणि ते खोटं नाही. प्रीमियरने 1985 मध्ये आणलेल्या 118 एनईमध्ये फियाट 124 च्या सांगाड्यात निसानचं 1171 सीसीचं इंजिन होतं. अ‍ॅम्बॅसडरला पुढे इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन मिळालं. पण त्या गाड्यांची चाचणी होऊन मॉडेल मंजूर झालं होतं. गल्लीतल्या गॅरेजकडे तो कागद नसतो.

कायदा इथेच आडवा येतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सीएनजीसारख्या किटला वेगळी तरतूद आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असेल तरच. पद्मिनीच्या पहिल्या गाड्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत. बांधलेल्या इंजिनाची गाडी तिथे अर्ज करू शकते, स्वॅपवाली नाही.

गाडी बघायला गेलात तर आधी चोक ओढून बघा. खटका ओढला आणि पलीकडे केबलच नसेल तर कार्बोरेटर गेलेला आहे, म्हणजे इंजिनही बदललेलं असू शकतं. गिअरचा दांडा जमिनीतून वर आला असेल तर टनेल (तळाचा मधला उंचवटा) कापलाय का, हे कार्पेट उचलून पाहा. शेवटच्या काही पद्मिनींना तो कंपनीकडूनच खाली होता. डिझेल दिसलं म्हणून लगेच स्वॅप समजू नका, 1366 सीसीची 137 डी कंपनीनेच विकली होती. तिच्या आरसीवर इंधनाच्या रकान्यात डिझेलच असेल. शेवटी ग्रीस पुसून, टॉर्च मारून ब्लॉकवर ठोकलेला नंबर वाचा आणि आरसीशी ताडा. विकणारा ‘तो आता दिसत नाही हो’ म्हणाला, तर टोकन देऊ नका.